एकदाच मावशी आणि सोनेरी ब्रश

मावशींनी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली, असं त्या हॉटेलात कुणालाच आठवत नव्हतं. "उकळतं पाणी आहे, बाजूला व्हा," असं त्या एकदा म्हणायच्या. ज्यानं ऐकलं तो सरकायचा, ज्यानं ऐकलं नाही तो पाय धरून नाचायचा, आणि मावशी त्याच्याकडे वळूनही बघायच्या नाहीत. "तेच तेच वाजवायला मी काय रेडिओ आहे?" एवढं मात्र विचारायच्या. त्यामुळे त्यांचं नाव पडलं होतं एकदाच मावशी. नाव ठेवणाऱ्यांना वाटायचं, आपण चिडवतोय. मावशींना वाटायचं, हा आपला मान आहे.

त्यांचं काम जाळी साफ करण्याचं. हॉटेलाच्या अंगणात कोळशाची लांबलचक शेगडी होती, शेगडीवर लोखंडी गजांची जाळी, आणि जाळीवर अकरा वाजल्यापासून कोंबडी, मासे, मक्याची कणसं भाजली जायची. भाजणारी बाई होती मावशींची सख्खी नणंद. गिऱ्हाइकं तिच्याभोवती गोळा व्हायची, धुराचे फोटो काढायची, "वा वा" करायची. जाळी घासणारीकडे कोण बघतो? मावशींना त्याचं काही दुःख नव्हतं. जेवण सोडून धुराचे फोटो काढणाऱ्या माणसांविषयी त्यांचं मतच इतकं वाईट होतं, की असल्यांनी आपल्याकडे बघितलं असतं तर मावशींना आंघोळ करावीशी वाटली असती.

मावशींचे यजमान भंगाराचा धंदा करायचे. ते गेल्यावर नणंदेनंच त्यांना या हॉटेलात आणलं. "मी भाजते, तू घास," ती म्हणाली होती. "घरात नाहीतरी दुसरं काय करतोय आपण?" नऊ वर्षं झाली. दोघी राहायच्याही एकाच घरात, दोन खोल्यांच्या. सासरी आल्यापासूनची सवय म्हणून मावशी वयानं लहान असलेल्या नणंदेला अजून 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणायच्या, आणि त्याच आदरानं तिची अक्कल काढायच्या. "वन्सं, तुम्हाला देवानं डोकं दिलं ते नुसतं वेणी घालायला का हो?" नणंद हसायची. तिला राग असा यायचाच नाही, आणि मावशींना नेमका याचाच राग यायचा.

आता जाळी कशी घासतात, हे मावशींना कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. एकदाच. आधी कोळसे पेटवून जाळी रिकामीच सणसणीत तापू द्यायची. कालची चरबी जळून राख झाली, की जाड लाकडी फळीनं एकेक गज खरवडायचा. फळी साध्या कठीण लाकडाची, रंग नको, पॉलिश नको. तापलेल्या गजांवर रोज दाबून दाबून तिच्या कडेला आपोआप खाचा पडतात, आणि महिन्याभरात ती फळी त्या जाळीच्या मापाची होते, दुसऱ्या कुठल्या जाळीला ती बसत नाही. मग ओल्या जाड फडक्याची घडी चिमट्यात धरून वरून फिरवायची, चर्र करून वाफ निघाली पाहिजे. शेवटी अर्धा कांदा काट्याला टोचून तो फिरवायचा. आणि हे झालं, की खाली वाकून, एक डोळा मिटून, उजेडाकडे तोंड करून जाळी बघायची. या सगळ्याला पाऊण तास लागायचा.

त्यानंतर यायचा पहिला तुकडा. शेगडीवरचा पहिला तुकडा गिऱ्हाइकाचा नसतो, हा नणंदेचा नियम. जाळीवर पहिला तुकडा टाकायचा, उलटायचा, काढायचा, आणि भाजणारीनं स्वतः खाऊन आच कशी आहे ते ठरवायचं. नणंद त्या तुकड्याचे दोन भाग करायची. अर्धा आपल्या तोंडात, अर्धा वहिनीच्या हातात.

"सांग, कशी आहे?"

"बरी."

नऊ वर्षांत या उत्तरात फरक पडला नव्हता. एकदा आग फारच छान लागली होती तेव्हा मावशी "बरी आहे" म्हणाल्या होत्या, आणि नणंद दिवसभर गाणं गुणगुणत होती.

मग टायसाहेब आले. हॉटेलाचे नवे मॅनेजर. कोळशाच्या शेगडीशेजारी गळ्यात टाय बांधून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बुद्धीविषयी वेगळं काही सांगायची गरज नाही. या गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात हॉटेलाच्या भिंतीला नवा रंग दिला, वेटरांना टोप्या दिल्या, आणि मग त्यांची नजर मावशींच्या फळीवर गेली. काळीकुट्ट, एका बाजूनं जळालेली, खाचाखाचांची फळी.

"हे काय आहे?"

"फळी."

"गिऱ्हाइकांसमोर हे असलं सरपण घेऊन उभ्या राहता तुम्ही? शोभतं का?"

मावशींनी पुढचा गज खरवडायला घेतला. जाळी स्वच्छ असण्यापेक्षा ती घासणारं हत्यार देखणं असावं, असं ज्याला वाटतं, त्याच्याशी काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी टायसाहेबांनी तीन ब्रश आणले. लांब काळी मूठ, पुढे चौकोनी डोकं, आणि डोक्याला पितळी तारांचे झुबके. उन्हात सोन्यासारखे लखलखत होते. टायसाहेबांनी ते शेगडीशेजारी तीन हुकांवर अडकवले, दोन पावलं मागे येऊन बघितले, आणि मुलीचं लग्न जमल्यासारखे खूश झाले. मग त्यांनी मावशींची फळी उचलली आणि कोळशात टाकली.

"जळू दे. आता लागणार नाही."

चार वर्षांची फळी होती. धूर झाला, नेहमीसारखाच. एका गिऱ्हाइकानं त्याचाही फोटो काढला.

मावशींनी एक ब्रश हातात घेतला. तारांवरून अंगठा उलटा फिरवला, एक झुबका चिमटीत धरून ओढला. दोन तारा अंगठ्याला चिकटून आल्या. नव्याकोऱ्या ब्रशातून! तारा केसाएवढ्या बारीक, टोकाला वाकलेल्या. मावशींनी अंगठा टायसाहेबांच्या नाकासमोर धरला.

"ही तार जाळीवर राहणार. जाळीवरून मांसात जाणार. मांसातून गळ्यात."

टायसाहेब मात्र हार मानणारे नव्हते. त्यांनी जेवणघरातल्या फ्रिजच्या दारावरचं चुंबक काढून आणलं. लाल, स्ट्रॉबेरीच्या आकाराचं. ते त्यांनी एका लांब काठीच्या टोकाला बांधलं, आणि ब्रशनं घासून घेतलेल्या जाळीवरून, गजांना चिकटू नये म्हणून बोटभर उंच धरून, इकडून तिकडे फिरवलं. चुंबकाला काही चिकटलं नाही.

"बघा! एक तार नाही. आता रोज घासल्यावर हे फिरवायचं. याला म्हणतात पद्धत."

भंगारवाल्याच्या बायकोला चुंबक दाखवायचं म्हणजे कमालच झाली. मावशींच्या घरात वीस वर्षं दोरीला बांधलेलं चुंबक दाराशी लटकत होतं. यजमान आल्या मालावरून ते फिरवायचे. चिकटलं ते लोखंड, डाव्या ढिगात. चिकटलं नाही ते तांबं नाहीतर पितळ, उजव्या पोत्यात. शेजारपाजारची शेंबडी पोरं येऊन हा खेळ बघायची आणि त्यांनाही तो कळायचा.

"पितळ चुंबकाला चिकटत नाही," मावशी म्हणाल्या.

"मावशी," टायसाहेब वेटरांकडे बघून हसत म्हणाले, "तुम्ही उद्यापासून भांड्यांकडे बघा. जाळीचं आम्ही बघतो."

वेटरही हसले. नवी टोपी मिळालेला माणूस टोपी देणाऱ्याच्या विनोदाला हसतोच. नणंद त्या वेळी मागच्या गोदामात कोळशाची पोती मोजून घेत होती. ती परत आली तेव्हा तिला एवढंच दिसलं की वहिनी पदर खोचून भांडी घासायच्या मोरीकडे चालली आहे आणि तिच्या तोंडाला कुलूप आहे.

"काय झालं गं?"

"काही नाही. सांगायचं ते सांगितलंय."

सांगितलं होतं, पण कुणाला, हे मावशी बोलल्या नाहीत आणि नणंदेनं विचारलं नाही. विचारून उपयोग नसतो, हे तिला नऊ वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून एक वेटर सोनेरी ब्रशनं पाच मिनिटांत जाळी घासू लागला. मग चुंबकाची काठी फिरायची, काही चिकटायचं नाही, आणि शेगडीवर 'जाळी तपासली आहे' अशी हिरवी पाटी लागायची. गिऱ्हाइकं पाटी वाचून माना डोलवायची. पाटी दिसली की माणसं डोकं बाजूला काढून ठेवतात, आणि मग त्यांना काहीही खायला घाला.

नणंदेनं सवयीनं पहिला तुकडा टाकला, काढला, त्याचे दोन भाग केले, आणि अर्धा घेऊन मोरीकडे आली.

"सांग, कशी आहे?"

"मला नको. मी घासलेली नाही ती जाळी."

"अगं, रुसायचं तर त्या टायवर रुस. कोंबडीवर कशाला?"

"नको म्हटलं ना एकदा."

 मग तो अर्धाही नणंदेनंच खाल्ला. त्यानंतर रोज ती विचारायची, रोज मावशी नाक मुरडायच्या, आणि रोज पहिला तुकडा नणंदेच्या एकटीच्या पोटात जायचा.

मोरीत बसल्या बसल्या मावशींना पहिली तार चौथ्या दिवशी सापडली. एका ताटातल्या उष्ट्या चरबीत अडकलेली, नखाएवढी, सोनेरी. मावशींना इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. त्यांनी ती धुतली, पुसली, आणि कनवटीच्या काडीपेटीत ठेवली. चार दिवसांनी दुसरी सापडली, मोरीच्या जाळीत. मग एक मक्याच्या कणसात. मावशी ती काडीपेटी कानाशी धरून हलवायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या. जाऊन दाखवायच्या का? कशाला? आपण एकदा सांगितलंय. आता गिळू दे एखाद्या फोटोवाल्याला. घशात अडकेल, बोंबाबोंब होईल, टायसाहेब धावत मोरीपाशी येतील, आणि मग आपण काही न बोलता काडीपेटी त्यांच्या हातावर ठेवू. तो प्रसंग मावशींनी मनात इतक्या वेळा रंगवला होता, की टायसाहेबांच्या कपाळावरचा घामसुद्धा त्यांना दिसायचा. यालाच त्या स्वाभिमान म्हणायच्या.

पाच आठवडे झाले. काडीपेटीत सात तारा जमल्या. आणि नऊ वर्षं जिच्या शेजारी उभं राहून काढली, तिचा रोजचा नियम मावशींच्या एकदाही ध्यानात आला नाही. नुकत्या घासलेल्या जाळीवरच्या तारा सगळ्यात आधी कशाला चिकटणार? पहिल्या तुकड्याला. दुसऱ्यांच्या अकलेचा हिशोब मांडण्यात बाईला इतकी गोडी लागली होती, की स्वतःची अक्कल मोरीच्या पाण्याबरोबर वाहून गेली.

एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला शेगडीपाशी खोकल्याचा आवाज आला. साधा ठसका असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग चिमटा फरशीवर पडल्याचा आवाज आला, आणि मावशी उठल्या. नणंद कधी चिमटा टाकत नसे. नणंद शेगडीकडे पाठ करून उभी होती, दोन्ही हात गळ्यावर, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भोवती तीन गिऱ्हाइकं आणि टायसाहेब.

"हाड असेल हाड," टायसाहेब म्हणत होते. "पाव खा, खाली जाईल. कोरडा पाव आणा रे!"

एक वेटर पाव घेऊन धावलासुद्धा. मावशींनी तो त्याच्या हातातून हिसकावून शेगडीत भिरकावला.

"वन्सं, काही गिळू नका. थुंकीसुद्धा नको. चला."

त्यांनी नणंदेला खांद्याला धरलं आणि तसंच, पीठ-मसाल्याच्या अॅप्रनसकट, रिक्षात घातलं. रिक्षात नणंदेनं वहिनीचा हात धरून ठेवला होता. प्रत्येक आवंढ्याला ती तो करकचून दाबायची. मावशींच्या दुसऱ्या हातात काडीपेटी होती. रिक्षा खड्ड्यात आदळली की आतल्या तारा वाजायच्या, आणि गेले पाच आठवडे गोड लागलेला तो आवाज आता त्यांना ऐकवत नव्हता.

दवाखान्यातला डॉक्टर कोवळा होता आणि घाईत होता. त्यानं जीभ दाबून घशात बॅटरी मारली.

"काही दिसत नाही. घसा खरचटलाय. गरम पाण्याच्या गुळण्या करा, दोन दिवसांत बरं वाटेल."

"तार आहे," मावशी म्हणाल्या.

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होता. त्यानं मान वर केली नाही. तिथे बाकावर अकरा माणसं बसली होती आणि बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. त्याला खरंच ऐकू आलं नसावं, किंवा आलं असेल आणि भांडी घासणाऱ्या बाईचं बोलणं म्हणून त्यानं ते सोडून दिलं असेल. मावशींचं एकदा सांगून झालं होतं. आयुष्यभराची सवय होती. मग नणंदेनं आवंढा गिळला आणि तिच्या तोंडून एक बारीकसा आवाज आला, मांजराच्या पिलासारखा.

"तार आहे! पितळी तार. ब्रशातली. ऐकू येतंय का तुम्हाला? तार आहे तिच्या घशात!" मावशींनी काडीपेटी उघडून त्याच्या चिठ्ठीवर उपडी केली. "असली."

डॉक्टरनं त्या तारांकडे बघितलं, पेन खाली ठेवलं, आणि मग धावपळ सुरू झाली. यंत्राखाली फोटो काढला. जिभेच्या मुळाशी पांढरी रेघ होती, आडवी रुतलेली. दुपारी तीनपर्यंत नणंदेला भूल देऊन नळीनं ती तार काढली. "गुळण्या करत बसला असतात तर आत सरकली असती," डॉक्टर म्हणाला, जणू गुळण्यांची कल्पना मावशींची होती. पंधरा दिवस बोलायचं नाही, असं त्यानं बजावलं, आणि काढलेली तार इतर सातांबरोबर त्याच काडीपेटीत घालून परत दिली.

संध्याकाळी नणंद शुद्धीवर आली. उशाशी काडीपेटी होती. तिनं ती उघडली. एकेक तार बोटानं बाजूला सारत मोजली. मग पुन्हा मोजली. ती भोळी होती, पण मूर्ख नव्हती. तिच्या घशातून एक निघाली होती आणि पेटीत आठ होत्या. खाटेला अडकवलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला तिनं पेन्सिलीनं लिहिलं: 'या कधीपासून जमवतेस?'

मावशींनी वाचलं. खोटं बोलता आलं असतं. पण या बाईला खोटंही कधी जमलं नव्हतं.

"पाच आठवडे."

नणंदेनं खाली लिहिलं: 'मला का नाही सांगितलंस?'

"त्याला सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या. "एकदा."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा म्हटलं असेल, आणि प्रत्येक वेळी छाती थोडी पुढे काढून. या वेळी ते तोंडातून बाहेर पडलं आणि तिथेच पडून राहिलं. नणंदेनं कागद घडी घालून उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला राग येत नाही, असं मावशी इतकी वर्षं समजत होत्या. रात्रभर स्टुलावर बसून त्या तिची पाठ बघत राहिल्या.

हॉटेलात टायसाहेबांनी सोनेरी ब्रश कुणाच्या नकळत कचऱ्यात टाकले. चुंबक पुन्हा फ्रिजच्या दारावर गेलं. पुढच्या सोमवारी मावशी तुटलेल्या पाटाची एक फळी घेऊन कामावर आल्या तेव्हा कुणी त्यांना अडवलं नाही. उलट आठवड्याभरात अंगणात पाटी लागली: 'आमच्याकडे जाळी नैसर्गिक लाकडाने साफ केली जाते.' टायसाहेब गिऱ्हाइकांना ही आपली नवी कल्पना समजावून सांगू लागले. आणि गिऱ्हाइकं? ती फळीचे फोटो काढू लागली.

नव्या फळीला खाचा पडायला महिना लागला. तोवर नणंद कामावर परत आली. घरी ती बोलायला लागली होती, पण कामापुरतं. मीठ दे. दार लाव. शेगडीपाशी आल्यावर तिनं अॅप्रन बांधला, चिमटा पुसला, आणि पहिला तुकडा हातात घेऊन उभी राहिली. जाळीवर टाकला नाही.

मावशी पलीकडे फळी घेऊन उभ्या होत्या.

"पुसलीय," त्या म्हणाल्या. "खरवडून, ओल्या फडक्यानं, मग कांद्यानं. वाकून बघितलीय."

नणंदेनं मान वर केली नाही.

"काय म्हणालीस?"

तिला ऐकू आलं होतं. मधे फक्त जाळी होती, हातभर रुंदीची. मावशींनी फळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कोळशात काहीतरी तडकलं.

"पुसलीय," मावशी म्हणाल्या. "खरवडून, ओल्या फडक्यानं, मग कांद्यानं. वाकून बघितलीय, वन्सं."

नणंदेनं तुकडा टाकला. उलटला, काढला, मधोमध तोडला. दोन्ही भाग तिनं वहिनीपुढे धरले. मावशींनी एक घेतला, आधी तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. तोवर नणंद त्यांच्या गळ्याकडे बघत होती. मग तिनं आपला अर्धा खाल्ला.

आता रोज असंच चालतं. जाळी झाली की मावशी सांगतात, नणंद म्हणते, "काय? ऐकू नाही आलं," आणि मावशी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगतात. वेटर हसतात. मावशींचं जुनं नाव अजून चालू आहे, पण आता त्याला ओ देताना त्या मान खाली घालतात.